शेठ आणि मिस्त्री यांचे मोतीबिंदू

माझे वडील आळेफाट्यावर ट्रकच्या वायरिंगची कामं करायचे. त्यांच्या टपरीला लागूनच एका मारवाडी जैन शेठचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. दोघांचा चहा रोज एकत्र आणि वादही रोजचाच. मी तेव्हा नारायणगावच्या शाळेत शिकवत होते. रविवारी घरी आले की टपरीवर जाऊन बसायची, निम्मं वडिलांसाठी आणि निम्मं त्या वादासाठी.

त्या वर्षी वाद पेटला तो वडिलांच्या मोतीबिंदूवरून. शेठच्या समाजातले लोक दरवर्षी डोळ्यांचं मोफत शिबिर भरवत.

"मिस्त्री, तुमचं नाव देऊन टाकतो," शेठ म्हणाले.

"नको. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी आमच्या बापानं मागणं सोडलं. सरकारी दवाखाना हाय की. तिथं उपचार घेणं माझा हक्क हाय."

"हक्क घेऊन मागं गेला व्हता ना? डोळ्याचं डॉक्टर रजेवर. हात हलवत आलात. माणसाच्या मनात दया असंल तरच दार उघडतं, मिस्त्री."

"अन् देणाऱ्याची मर्जी फिरली की तेच दार बंद व्हतं."

हॉटेलवाला, ट्रकचे क्लीनर, बसची वाट पाहणारे पाहुणे, सगळेच यात पडू लागले. कुणी हक्काच्या बाजूनं, कुणी दयेच्या. चहा मात्र हॉटेलवाल्याचा खपायचा.

एका रविवारी वडिलांनी हेडलाइटचा बल्ब मागितला. शेठनी खोकं दिलं. वडिलांनी ते जवळ धरलं, लांब धरलं आणि परत केलं. "बारा व्होल्टचा हाय का चोवीसचा, तुमीच वाचा."

शेठनी ते उन्हात नेलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग हळूच माझ्याकडे सरकवलं. "पोरी, तू बघ जरा."

वडील हसायलाच लागले. "शेठ, तुमालाबी मोतीबिंदू झालाय राव!"

शेठनी घरीही सांगितलं नव्हतं. कळलं की मुलगा त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेणार हे उघड होतं. पण वडील म्हणाले, "माझ्यासंगं चला. तुमी टॅक्स भरता, तो दवाखाना तुमचाबी हाय. हक्क काय माझ्या एकट्याचा न्हाई."

शेठनी चष्मा पुन्हा पुसून डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "येतो. पर या खेपेला डॉक्टर नसलं, तर तुमी गुमान माझ्या शिबिराला यायचं."

"कबूल."

शेअर जीपमध्ये मी दोघांच्या मधे बसले होते. दवाखान्यात पोचलो. डॉक्टर होते. शेठचा चेहरा जरा पडला आणि वडिलांनी तो, दिसत नसूनही, पाहिला.

दोघांचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं. खाटा शेजारीशेजारी, एकेका डोळ्यावर पट्टी, आणि वाद पुन्हा सुरू. अख्खा वॉर्ड कान देऊन ऐकत होता. नर्सबाईंनी दोनदा दटावलं. मग कोपऱ्यातल्या खाटेवरची एक म्हातारी बोलली. पश्चिमेकडच्या डोंगरातून आली होती.

"हक म्हना, दया म्हना. आमच्या वाडीला गाडीच येत न्हाई. माझ्या भाच्यानं पाठीवर घेऊन आणलं मला सडकेपर्यंत. त्याचं काय ते बोला की."

वडिलांनी तिला वाडीची वाट विचारली, शेठनी सडक किती लांब ते. 

दुसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या. दोघांनी एकमेकांकडे टक लावून पाहिलं.

"लई म्हातारं झालात, शेठ."

"तुमी काय नवरदेव दिसताय व्हय?"

वॉर्डभर हशा पिकला. नर्सबाईही हसल्या.

पुढच्या वर्षी शेठनी शिबिराच्या मंडळींशी भांडून एक जीप ठरवून घेतली. डोंगरातल्या वाड्यांतून माणसं आणायची आणि सरकारी दवाखान्यात पोचवायची. सोबतीला वडील जायचे. सुट्टी असली की मीही जायची. जीपमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला वडील बजावून सांगत, "हे कुणाचं उपकार न्हाईत बरं का, तुमचा हक्क हाय." मागच्या सीटवरून शेठ म्हणत, "हक्क दवाखान्याचा. जीप माझी हाय, मिस्त्री. जरा सरकून बसा, आजीला जागा द्या."

वडील सरकून बसत, आणि घाट उतरेपर्यंत दोघांचं चालूच राही.