दीड पुरुष विहीर

गंगारामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मुंबईचं सांडपाणी ज्या पंपघरात गोळा होऊन समुद्रात ढकललं जाई, तिथं तो जाळीवर होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली दगडी इमारत, वाफेची इंजिनं आणि पंपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी. तिच्यात चिंध्या, काथ्या, मेलेल्या घुशी अडकत. लांब दांड्याच्या दाताळ्यानं ते सगळं वर ओढायचं. ओली चिंधी दगडाहून जड. ती कंबरेनं ओढायची नसते, मांड्यांनी ओढायची. नवा माणूस कंबरेनं ओढी आणि महिन्यात गावी जाई. गंगाराम चौदा वर्षं टिकला. हात अर्धा तास थांबला, तर जाळी तुंबे आणि वस्तीतल्या मोऱ्या उलट्या वाहत.

देवरूखजवळच्या त्याच्या गावात मात्र तो गिरणीत आहे असंच सगळ्यांना माहीत होतं. बायकोला, राहीलाही. राही चैत्र-वैशाखात खालच्या पऱ्ह्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी आणी. चढण अशी, की रिकाम्या हातानं माणसाला धाप लागावी. दारात विहीर व्हावी, एवढ्याचसाठी तो जाळीवर होता. एकोणीसशे एकतीस साली खणायला घेतली. दीड पुरुष खोल गेल्यावर काळा कातळ लागला. आता सुरुंग लावायचे. पैसे साठवलेले होते. शिमगा झाला की काम पुढं, असं ठरलं.

शिमग्याला पालखी दारात आली. गंगारामनं खांदा दिला. तेवढ्यात दादू पुढं झाला. तो मुंबईत गंगारामच्या शेजारच्या चाळीत राहायचा, आणि महिन्यापूर्वी त्यानं गंगारामला पंपघरातून बाहेर पडताना पाहिलं होतं.

"गंगाराम, तुज्या गिरणीत सूत कशाचं काततात रे?"

लोक हसले.

"बोल की! वास तर कापसाचा न्हाय येत."

गंगारामनं गप्प बसायला हवं होतं. "दादू, तू सकाळी जे सोडतोस, ते मी पुढं ढकलतो. तुजंपण हाय त्यात."

गावकीचा प्रमुख आत्माराम हसला नाही. "खांदा काढ, गंगाराम."

मैल्याला हात लावतो म्हणून त्याला वाळीत टाकलं. विहीर खणणारे चौघे गावचेच. दुसऱ्या सकाळी पहारी उचलून गेले. गावात परत घ्यायचं, तर प्रायश्चित्त आणि अख्ख्या गावाला जेवण.

"मला का न्हाय सांगितलंत?" राहीनं विचारलं.

"सांगितलं असतं, तर माज्या हातचं खाल्लं असतंस?"

तिनं हंडा उचलला आणि पऱ्ह्याची वाट धरली.

जेवणाच्या दिवशी प्रायश्चित्त सकाळीच उरकलं, म्हणून राहीच्या हातचं पाणी चाललं. तिनं बावीस खेपा घातल्या. भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वर गूळ. दादूनं गूळ दोनदा मागून घेतला. गंगाराम वाढत होता. वाढतानाही तो कंबरेत वाकत नव्हता, गुडघ्यांत वाकत होता.

खड्डा तसाच राहिला. चौदा वर्षांच्या पगारातून विहिरीसाठी राखलेलं सगळं एका दुपारी तीन पंगतींत संपलं.