पितो तो, मालक

माझ्या फजितीचे किस्से ऐकायला लोक मला चहा पाजतात. स्वतःच्या वरातीत घोडीवरून पडलो, हे मी पडून दाखवत सांगतो. पण हे एक कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. कारण यात पडला तो मी नव्हतो.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिसात होतो. विशाल माझ्याच वयाचा, पंचविशीचा. डिप्लोमा करून नवा लागलेला. त्यानं आडनाव सांगितलं आणि ऑफिसातले चेहरे जरा — काय म्हणू — आवरले गेले. आम्हा सगळ्यांना चहा स्टीलच्या पेल्यात. त्याला कागदी कपात. हे सुरू कुणी केलं? मीच. पेले कमी पडले नव्हते, दोन रिकामे समोर होते. तरी कप पुढं केला आणि वर म्हणालो, साहेबांना व्हीआयपी कप. सगळे हसले. विशालही हसला. मी विनोदी माणूस ना.

नाक मुरडताय? मुरडा. तुमच्या घरी कामवालीचा कप कुठं ठेवलेला असतो, ते मग बोलू.

संध्याकाळी मात्र आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये. तो आधी दारूला शिवतही नव्हता; मीच ओढून नेलं — एकट्यानं प्यायचा मला कंटाळा. तिथं एका बशीतले शेंगदाणे, कधी एकाच ग्लासातले घोट. एकदा म्हणाला, "हितं बरं वाटतंय बघ. हितं कुणी जात बघत न्हाय."

मी त्याच्या गळ्यात हात टाकला. डोळे भरून आले माझे — नालायकाचे! आणि सकाळी पुन्हा कागदी कप, सरळ चेहऱ्यानं.

मग तो रोजच जायला लागला. मी नसलो तरी. पण कामावर कधी पिऊन आला नाही — तेव्हा तरी नाही.

पुढं सुपरवायझरची जागा निघाली. नावं दोनच, त्याचं आणि माझं. त्याचं आधी. मालकांनी मला आत बोलावलं, पोरगा कसा आहे म्हणून विचारलं.

"कामाला चांगलाय. पण पितो तो, मालक."

खोटं काय होतं त्यात? इतकं सोयीचं खरं मी आयुष्यात बोललो नव्हतो. कुणाबरोबर पितो, कशापायी पितो — त्यांनी विचारलं नाही, मी कशाला सांगतोय? या लोकांचं असंच असतं, ते म्हणाले. मी मान हलवली. बडीशेप चघळत होतो. आदल्या संध्याकाळचा वास माझ्याच तोंडाला होता.

जागा मला मिळाली. काही महिन्यांनी तो भरदुपारी पिऊन आला, तेव्हा सुपरवायझर म्हणून गेटाबाहेर मीच काढलं. मालकांना मी काय सांगितलं, ते त्याला अजून माहीत नाही.

गेल्या महिन्यात नवी पेठेत त्याची आई भेटली. गर्दीत तिनं माझा हात धरला.

"तुज्या संगतीत होता तवर बरा होता रं. आता सकाळधरनं पितोय. तुजं ऐकंल त्यो. येऊन येवढं सांग की त्याला."

रविवारी येतो मावशी, म्हणालो. तिनं माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मी ती मोडू दिली.

गेलेलो नाही.