श्रीलंकासुद्धा आपल्या पुढं

मला माझ्या थोरल्या जावेचा हेवा वाटतो. सरळ सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तसं नसल्याचं नाटक करायचा मला आता कंटाळा आलाय. माझे थोरले दीर नॉर्वेला नोकरीला आहेत, ती तिकडंच असते. आम्हा दोघींना एकाच वर्षी, जवळजवळ एकाच महिन्यात दिवस गेले. तिची मुलगी आता चार वर्षांची आहे. मराठी बडबडगीतं तिकडच्या हेलात म्हणते आणि व्हिडिओ कॉलवर मला काकू म्हणून हाक मारते. माझा मुलगा राहिला नाही. राहिला असता तर तोही आज चारचा असता.

दोन्ही सुनांना एकदम दिवस गेले म्हटल्यावर सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात कौतुकाला ऊत आला होता. घरात आम्ही चौघं, मी, नवरा आणि सासूसासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा बंदोबस्त लागतो. त्यांनी बंदोबस्त लावला तो असा, की जावेच्या आईला अर्धांगवायू झालाय, तिला काही विमानात बसता येणार नाही, तेव्हा आत्यांनी नॉर्वेला जायचं. आणि धाकट्या सुनेनं माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी, यात ठरवण्यासारखं काय होतं.

आमच्याकडे हा माहेरचा मान असतो. आईबापांनी लेकीला पहिल्या खेपेला आणली नाही, तर भावकी वर्षानुवर्षं ते उगाळते. सासरच्यांनी धाडली नाही, तर माहेरचे रुसतात. माझं माहेर वडूजजवळच्या एका गावात. मटकी, बाजरी आणि आभाळाकडं डोळे, असला तो भाग. सांगलीतून विट्यावरून गाडी काढली की ऊस मागं पडत जातो आणि माळ सुरू होतो.

सांगलीत मला एक डॉक्टरीणबाई पहिल्यापासून बघत होत्या. माझं वजन, माझं रक्त, माझा चिडका स्वभाव, सगळं त्यांना माहीत. सातव्या महिन्यात रक्तदाबाचा पट्टा सोडत त्या म्हणाल्या, "जरा जरा वर सरकायला लागलंय. घाबरण्यासारखं नाही, पण तू आता लांब जाऊ नकोस. दर आठवड्याला मला दाखवायचं."

हे मी घरी येऊन सांगितलं. आत्या नॉर्वेची बॅग भरत होत्या. मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळाला बांधायला जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे. वर न बघताच म्हणाल्या, "आगं, त्या तसंच म्हणणार. वडूजला काय डॉक्टर न्हाईत व्हय?"

आईला फोन केला तर तिचा आवाज उतरला. "मी बाजलं नवं विणून घेतलंय. न्हाणीत चूल मांडलीया. आता तू आली न्हाईस तर चारचौघीत मी काय सांगू?"

मग मी गेले. मला कुणी बांधून नेलं नाही, आणि माहेरी जायला कोणाला आवडत नाही? शिवाय आत्या नॉर्वेला, मामांना चहासुद्धा करता येत नाही, नवरा दिवसभर कारखान्यात. सांगलीत राहून मला बघणार कोण? ओटी भरली, हिरवी साडी नेसून गाडीत बसले, आणि डॉक्टरीणबाईंचा आणि माझा संबंध संपला.

आईच्या ओसरीवर बसून मी नॉर्वेचे फोन ऐकायची आणि तेव्हापासूनच जळायला लागले होते. आत्या तिकडून सांगायच्या, "हितं सुईण असती गं. कोट घातलेली, शिकलेली, पण सुईणच." मामांना त्याचं हसू यायचं, एवढा श्रीमंत देश आणि बाळंतपणाला सुईण. पण ती एकच बाई जावेला पहिल्यापासून तपासत होती. दर खेपेला रक्तदाब, दर खेपेला लघवी. झोप लागते का, रडायला येतं का, नवरा भांडी घासतो का, हेसुद्धा विचारायची. गाव बदललं तर म्हणे बाईच्या आधी तिची सगळी माहिती नव्या गावी पोचलेली असते. आणि बाळंतपणाच्या खोलीत दीर तिच्या उशाशी उभे राहणार, नंतर कितीतरी महिने पगारी रजा घेऊन घरी बसणार. माझ्या नवऱ्यानं बारशाला यायचं होतं, तेही पाहुण्यासारखं, पेढ्यांचा पुडा घेऊन.

मी मनात म्हणायची, बाई गं, काय नशीब काढलंस. मनातच म्हणायची, कारण आई ऐकत असायची.

वडूजच्या डॉक्टरांनी मला एकदा तपासलं. थोडं जास्त आहे म्हणाले, मीठ कमी करा. ते वाईट नव्हते. पण मला आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. आठवड्यापूर्वी माझा चेहरा कसा होता, हे त्यांना कुठून कळणार? माझे पाय सुजले. आई म्हणाली, शेवटच्या महिन्यात सुजायचेच, तुझ्या वेळी माझ्या पायात चप्पल जात नव्हती. मग बोटं सुजली, बांगड्या रुतायला लागल्या. मग डोकं दुखायला लागलं. आईनं सहाणेवर सुंठ उगाळून कपाळभर लेप दिला आणि माझी दृष्ट काढली. हे सगळं तिनं इतक्या मायेनं केलं की मला अजून तिच्यावर धड रागावताही येत नाही.

तो लेप कपाळावर वाळत असतानाच आत्यांचा फोन आला. जावेचं डोकं दुखत होतं, म्हणून सुईणीनं त्याच दिवशी बोलावून तपासलं आणि रक्तदाब वाढलाय म्हणून तिथंच ठेवून घेतलं. कळा यायचं औषध देणार होते. मी फोन आईच्या हातात दिला. मला वाटलं, हिचे किती लाड करतात. नुसतं डोकं दुखलं तर इस्पितळात.

दुसऱ्या दिवशी जावेला मुलगी झाली. दीर उशाशी होते. फोटोत जाऊ दमलेली आणि सुंदर दिसत होती, तिच्या उघड्या छातीवर ते पोर. आईनं तो फोटो शेजारणीला दाखवला. मी नुसती बघत बसले. माझीही वेळ जवळ आली होती म्हणून मला फार वाईट वाटलं नाही, एवढंच.

त्यानंतर दोनच दिवसांनी, भर दुपारी जेवायला बसले होते. ताटातली एक भाकरी मला दोन दिसायला लागली. मी आईला सांगितलं तर तिनं ताट ढकललं आणि वडिलांना हाक मारली. वडूजला नेलं. तिथं पट्टा बांधला आणि डॉक्टर म्हणाले, सातारला न्या, लगेच. गाडीतलं मला थोडंच आठवतं. रहिमतपूरला बाजार होता आणि गाडी माणसांत अडकली होती, तिथपर्यंत. तिथंच मला आकडीचा झटका आला. आई मांडी देऊन बसलेली, आणि बाजारातल्या कुणीतरी कांदा फोडून दिला तो तिनं माझ्या नाकाला धरला, हे मला नंतर कळलं.

साताऱ्यात पोट फाडून बाळ काढलं. मी वाचले. बाळाचं काळीज वाटेतच कधीतरी थांबलं होतं. मी शुद्धीवर आले तेव्हा वडील आणि नवरा त्याला गावी घेऊन गेले होते, आमच्या रानाच्या बांधाला. मुलगा होता, असं मला सांगण्यात आलं. तिसऱ्या दिवशी मला दूध यायला लागलं. ते कुणी पिणार नाही हे माझ्या अंगाला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं घट्ट फडकं बांधलं आणि ती इस्पितळाच्या व्हरांड्यात जाऊन रडली.

आत्यांचा फोन आला. म्हणाल्या, "हिचं पण तेच झालतं गं. पण हितं..." आणि थांबल्या. मागं ते पोर रडत होतं. आत्यांनी फोन ठेवला.

मी इतके दिवस जळत होते ते उगाच नव्हतं, एवढं मला त्या फोनमध्ये कळलं. दोघींना दुखणं एकच होतं.

वर्षभरानं मामा एके सकाळी चहा पिता पिता मोबाइलवर काहीतरी वाचत बसले. बाळंतपणात किती बाया दगावतात, किती पोरं दगावतात, याचा देशवार तक्ता होता. मामा तो क्रिकेटच्या गुणतक्त्यासारखा वाचत होते. "नॉर्वे बघा, एकदम वर. अमेरिकेची पोझिशन बघा, एवढा पैसा असून त्या मानानं मागं." मग जरा छाती काढून म्हणाले, "आपण सुधारलोय बरं का. पूर्वी लय खाली होतो."

"आणि श्रीलंका?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

त्यांनी बोटानं पान सरकवलं. "श्रीलंका आपल्या पुढं हाय. बरीच पुढं." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की ते कुणाशी बोलतायत. मोबाइल उपडा ठेवून ते बागेत निघून गेले.

नॉर्वेचं एक वेळ समजू शकते मी. बर्फ, तेल, पैसा. पण श्रीलंका? त्या दिवशी भांडी घासताना मी कोलंबोतल्या एका बाईचा हेवा करत होते. तिला मी कधी पाहिलं नाही आणि ती मला दिसणारही नाही. पण तिचं पोर जिवंत असेल म्हणून मी तिच्यावर जळत होते. इथवर माझी मजल गेली होती.

हे सगळं पुन्हा उकरायचं कारण म्हणजे माझी नणंद. ती पुण्यात बँकेत आहे. यंदा तिला दिवस गेले, आणि सातवा लागला तशी आत्यांनी आमची मागची खोली रंगवायला काढली. पहिलं बाळंतपण माहेरी. पुण्यात तिची डॉक्टर होती, पहिल्यापासून बघणारी. मी रंगाचा डबा बघितला आणि माझं डोकंच फिरलं.

"तिला हलवायचं नाही," मी म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझं झालं म्हणून सगळ्यांचं तसंच हुतंय का? आन् तिच्या सासरची काय म्हणतील, आईला लेक जड झाली?"

"म्हणू देत. थोरलीसाठी तुम्ही विमानात बसून नॉर्वेला गेलात. पुणं काय नॉर्वेच्या पलीकडं आहे? तिला इकडं आणण्यापेक्षा तुम्ही तिकडं चला. मी येते बरोबर."

आत्या तशा ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. माझ्या माहेराचा उद्धार झाला, माझ्या जिभेचा झाला. नवरा गाडी धुवायला गेला. मामा एरवी मध्ये पडत नाहीत. पण ते दारात येऊन म्हणाले, "बॅग भरा तुमची. ती बरोबर बोलतीया." आत्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी लाडू वळायला घेतले.

खरं सांगायचं तर मी नणंदेच्या मायेनं भांडत नव्हते. मला नुसता राग होता. आणि भांडून झाल्यावर मला तिचाही हेवा वाटायला लागला. तिच्यासाठी घरात कुणीतरी आवाज चढवला होता.

पुण्याच्या त्या इस्पितळात कळा देताना एका बाईमाणसाला आत राहू देतात. नणंदेनं आईऐवजी मला बोलावलं. "आई रडत बसेल," ती म्हणाली, "वहिनी, तू ये." सकाळपासून दुपारपर्यंत मी तिच्याजवळ उभी होते. तिनं माझा हात असा पिळला की अंगठी रुतली. तिची डॉक्टर मधूनमधून येऊन पट्टा बांधायची, आणि दर वेळी मी आकडा विचारायची, इतकी की शेवटी ती मला बघून आधीच सांगायला लागली. आकडा ठीक होता. दुपारी मुलगा झाला आणि झाल्या झाल्या रडला, चांगला खणखणीत. नणंद हसली, रडली, पुन्हा हसली. त्याला पुसून तिच्या छातीवर ठेवलं.

मी बाजूला उभी होते. माझ्या मनात आलं, हिला सगळं मिळालं. मला आनंद झाला नाही असं नाही. पण आधी हे आलं.

बाहेर आले. आत्या बाकड्यावर बसल्या होत्या, हातात लाडवाचा डबा तसाच. मला बघून उठल्या.

"मुलगा झाला. दोघं बरी आहेत," मी म्हणाले.

त्या पुन्हा बाकड्यावर बसल्या. डोळ्याला पदर लावला. मी त्यांच्या शेजारी टेकले. मग त्यांनी डबा बाजूला ठेवला, माझा हात हातात घेतला, अंगठी रुतलेल्या जागी बोट फिरवलं आणि विचारलं, "तुझा कुणावर गेल्ता गं?"

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ना मामांनी, ना जावेनं.

"मला नाही माहीत, आत्या," मी म्हणाले. "मी कुठं शुद्धीवर होते. आईनं घेतलं होतं त्याला. तिनं बघितलाय."

एवढं बोलले आणि बसल्या जागी मला माझ्या आईचा असा हेवा वाटला, की तसा आजवर कुणाचाच वाटला नव्हता.