शिरोलीत घडलेली फळी

समोरच्या फ्लॅटमध्ये चार दिवस सुतारकाम चाललं आहे. आज सकाळी दार उघडलं, तर जिन्यात स्पिरिटमध्ये विरघळलेल्या चपडीचा वास भरला होता. चपडी म्हणजे लाखेचे पातळ, मधाच्या रंगाचे पापुद्रे. भिजवले की त्यांचं पॉलिश होतं. गोडसर, थोडा डोक्यात चढणारा तो वास घेत मी तिथेच उभी राहिले. दूधवाल्यानं वाट मागितली, ती बहुधा दुसऱ्यांदा. तुम्हा दोघांना लिहायचं मनात होतंच. मागे फोनवर तुम्ही विचारलं होतंत, आजी, कोल्हापूरला तर समुद्रच नाही, मग आईला लाटेवर उभं राहायला कुणी शिकवलं? तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. उत्तर लांब आहे, आणि त्यातला एक भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

कोल्हापूरच्या माणसाचं समुद्राशी नातं पाहुण्याचं. गगनबावड्याचा घाट उतरून आपण जातो, मासे खातो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहतो आणि उजेड आहे तोवर पुन्हा घाटाला लागतो. तुमच्या आईचं तसं नव्हतं. पोहायला ती विहिरीत शिकली, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पण विहिरीतलं पाणी जागच्या जागी असतं. घरात केबल आली त्या सुमारास एका दुपारी तिनं कुठल्याशा परदेशी चॅनेलवर फळीवर उभी राहून लाटेच्या अंगावरून तिरकी घसरत जाणारी एक मुलगी पाहिली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. कार्यक्रम संपून जाहिराती लागल्या, तरी ती पडद्यासमोरून हलली नाही. मी म्हटलं, कैऱ्या चिरायच्या राहिल्यात. ती म्हणाली, "आई, पाणी तिला उचलून नेत होतं."

त्यानंतर ते वेड घरात राहायलाच आलं. पुण्याला रस्त्यावरच्या जुन्या मासिकांच्या ढिगातून तिनं लाटांवरच्या खेळाचं एक इंग्रजी मासिक शोधून आणलं. त्यात फळीची मापं होती, आडवे-उभे छेद होते. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. शब्द सोपे होते, पण त्या शब्दांमागची वस्तू मी कधी पाहिलेली नव्हती. फळीच्या बुडाला पुढून मागे जो हलका बाक असतो, त्याच्यासाठी मी 'वक्रता' असा शब्द लिहिला. तुमच्या आजोबांनी तो वाचून कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पाळण्याच्या बुडासारखा बाक, असं लिही. चाचांना वक्रता कळायची नाही, आणि मलाही."

चाचा म्हणजे आजोबांच्या शिरोली एमआयडीसीतल्या पॅटर्न शॉपचे मुख्य मिस्त्री. साठीला आलेले, बारीक अंगाचे, कानामागे पेन्सिल. पॅटर्न म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लोखंडाची जी वस्तू ओतायची, तिची आधी लाकडी प्रतिकृती करतात. ती वाळूत ठेवून भोवती वाळू ठोकून बसवायची, मग लाकूड अलगद उचलून घ्यायचं आणि जी पोकळी उरते, त्या साच्यात लोखंडाचा रस ओतायचा. लाकूड उचलताना वाळू ढासळली, तर सगळं वाया. म्हणून पॅटर्नच्या कडा कधी सरळ उभ्या ठेवत नाहीत; खालच्या बाजूला त्या किंचित निमुळत्या करतात, म्हणजे तो सुटून येतो. त्याला टेपर म्हणतात. चाळीस वर्षं चाचांचा रंधा त्या उतारानंच चालत आला होता.

फळी त्यांनी दोन महिन्यांत केली. आत बरगड्यांसारख्या पट्ट्या, वरून पातळ प्लाय, चपडीचे हात आणि शेवटी लाल रंग. लाल का, असं मी विचारलं. "पॅटर्नला लालच देत्यात, वहिनीसाब," असं ते म्हणाले आणि विषय संपला. राजारामपुरीतून ती जीपच्या टपावर बांधून नेताना लोक थांबून बघत. एकानं सिग्नलला विचारलंच, "पावणं, दरवाजा कुठल्या वाड्याचा म्हणायचा?"

देवगडच्या अलीकडे एक लहानसा किनारा आम्ही धरला होता. तुमची आई तेव्हा वारणानगरला कॉलेजात होती. शनिवारी हॉस्टेलवरून येई आणि रविवारी पहाटे आम्ही निघत असू. दिवाळीनंतर समुद्र निवळलेला असे. माझा एकच नियम होता: पाणी छातीच्या वर जायचं नाही. ती ऐके. फेसाळून आलेल्या, मोडून गेलेल्या लाटांवर पोटावर पडून ती किनाऱ्याकडे येई, उभी राहायला जाई, आणि फळी तिच्या खालून आडवी निसटे. प्रत्येक वेळी तशीच, जणू तिला साबण लावलेला असावा. पहिल्या रविवारी ती एकेचाळीस वेळा पडली. मी मोजलं होतं.

मोजणं हा माझा स्वभाव. शाळेचं वेळापत्रक मी करत असे, घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या माझ्या अक्षरात असत. पाण्याची मला भीती नव्हती. ज्याला वेळापत्रक नाही, त्याची होती. म्हणून किनाऱ्यावर छत्रीखाली बसून मी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवी आणि वहीत लाटा लिहून काढी. जाळं विणत बसलेले एक म्हातारे कोळी ते बघून म्हणाले, "बाई, समुद्र काय शाळेत येता तुमच्या?" मग त्यांनाच राहवलं नाही. "मोठी लाट एकटी येणा नाय. भावंडां घेवन येता. ती इली नि गेली की मगे थारो." थारो म्हणजे उसंत, हे मी ओळखलं. वहीत बघितलं, तर खरंच होतं. पाच-सहा मोठ्या लाटा, मग पाण्याचा एक लांब नि:श्वास, पुन्हा पाच-सहा. त्या दिवशी समुद्र मला पहिल्यांदा थोडा ओळखीचा वाटला. भीती मात्र तेवढीच राहिली.

फळी का निसटते, हे कुणालाच कळेना. दुसऱ्या वर्षी आजोबा चाचांना बरोबर घेऊन आले. चाचांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. सकाळभर ते ओल्या वाळूच्या कडेला उकिडवे बसून होते. चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. दुपारी उठून त्यांनी फळी आडवी धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकलं की वो माझं."

"काय चुकलं, चाचा?"

"ही मी साच्यातनं सुटायसाठी केलीया. चारी बाजूनं टेपर दिलाय. वाळूतनं उचलली, तर लोण्यासारखी सुटंल." मग पाण्याकडे हात केला. "त्यो साचा. ह्यातनं हिला सुटायचं न्हाय, धरून ऱ्हायचंय. आन् मी बसलोय सुटायची तजवीज करून."

तुमची आई फेसात बसून हसत सुटली. "चाचा, दोन वर्षं मी पडतेय."

"मग सांगायचं न्हाई व्हय, पोरी? दोन वर्सं पडायला काय झालं हुतं तुला?"

दुसरी फळी त्यांनी उन्हाळ्यात केली. शेपटाकडची कड धारदार ठेवली, बुडाखालचं, माशाच्या परासारखं पातं वीतभर खोल केलं. ते सांगत, हात शंभरदा सवयीनं उताराकडे जाई आणि ते शंभरदा थांबवत. त्या वयात हाताला थांबवणं किती अवघड असतं, ते मला आता कळतं. रंग मात्र लालच होता.

पण आता माझा नियम आड येत होता. मोडलेल्या लाटेवर नुसतं वाहत यायचं असतं. खरी लाट धरायची, तर ती मोडते त्या ओळीच्या पलीकडे जावं लागतं, जिथे पाणी अजून अखंड फुगत असतं. तिथे पाय टेकत नाहीत. दोन वर्षं मी नाही म्हणत आले होते. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तिनं हट्ट केला नाही. नवी फळी काखेत घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, उसंत कधी येते, ते तुझ्याएवढं इथं कुणाला माहीत नाही. तू जा म्हणशील तेव्हा जाईन. नाही म्हणालीस, तर नाही."

मी घड्याळ घेऊन उभी राहिले. मोठ्या लाटा आल्या, गेल्या. पाणी निवांत झालं. मी बोलले नाही. पुन्हा आल्या, गेल्या. पुन्हा बोलले नाही. तिला कळत होतं, माझ्याइतकंच. ती फक्त फळीवरची वाळू पुसत राहिली. आजोबा दूर बघत होते. तिसऱ्यांदा पाणी शांत झालं, तेव्हा चाचा हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनीसाब, घड्याळ बंद पडलंय काय?"

मी जा म्हणाले. आवाज इतका बारीक आला, की पुन्हा म्हणावं लागलं.

ती हातांनी पाणी मारत ओळीपार गेली. तिचं डोकं दिसे, मग दिसेनासं होई, मग पुन्हा दिसे. मी लाटा मोजत होते. मोठ्यांची रांग आली. पहिली तिनं सोडली, दुसरी सोडली. तिसरी उचलली गेली, तेव्हा वेळ टिपून ठेवावी म्हणून मी हातातल्या वहीकडे खाली पाहिलं. दहा वाजून सतरा मिनिटं. एवढं लिहायला किती वेळ लागतो? आजोबांचा हुंकार ऐकला, चाचांनी बिस्मिल्ला म्हटलेलं ऐकलं, आणि मान वर केली, तेव्हा ती उथळ पाण्यात गुडघ्यावर बसून हसत होती आणि लाट तिच्या पुढे वाळूवर पसरली होती.

ती धावत आली. ओठ निळे, केस तोंडावर. "पाहिलंस ना? आई, पूर्ण उभी होते. पाहिलंस?"

मी पाहिलं म्हणाले.

तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं, मग उघड्या वहीकडे. पुढच्या रविवारी पाण्यात शिरण्याआधी तिनं माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं आणि चाचांच्या सदऱ्याच्या खिशात टाकलं. वहीसुद्धा जीपमध्ये ठेवून आली.

मग पुढे कितीतरी वर्षं, ती शिक्षणासाठी परदेशी जाईपर्यंत, आणि नंतर सुट्टीला आली की तेव्हाही, मी तिला लाटेवर उभी पाहिली. डोळ्यांची पापणी न लववता पाहिली. चाचा आता नाहीत. शिरोलीत पॅटर्न यंत्रं कोरतात, आणि ती यंत्रं म्हणे टेपर स्वतःच देतात. पाहिलेल्या त्या सगळ्या लाटा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली कधीची, मला सांगता येणार नाही. जी पाहिली नाही, ती एक मात्र आजही पूर्ण दिसते. पाणी तिच्या पायाखाली हिरवं उभं राहतं, लाल फळी सुटत नाही, आणि तिची नजर थेट माझ्याकडे असते. मी रोज थोडी थोडी मान वर करते.