व्हाळाचा वाटा

आमच्या गावच्या व्हाळाचं भांडण कतारमध्ये, दोहात झालं. तेही अल मन्सूरात, चुलतभावाच्या फ्लॅटमध्ये, कोळंबीच्या खिचडीवर. गावात भांडायला उरलंय कोण? पाण्याचे वाटेकरी बहुतेक सगळे इथेच नोकरीला.

व्हाळ म्हणजे डोंगरातून उतरणारा आमचा ओढा. त्याचं पाणी पाटाने पोफळीच्या बागांना फिरतं, घरोघरची पाळी ठरलेली. रविवारी मात्र पाट बंद. त्या दिवशीचं पाणी व्हाळाचं. खाली कोंडीत, म्हणजे डोहात, मासे असतात, पाणमांजर येतं, त्यांनी काय चैत्रात तडफडून मरायचं? पणजोबांच्याही आधीपासूनची रीत आहे ही.

वरच्या अंगाला एक रिसॉर्ट उभं राहतंय. त्यांना नेमकं हे रविवारचं पाणी हवं होतं, पंप लावून टाक्या भरायला. चुलतभावाला, म्हणजे दादाला, तसा ठराव करून द्यायची भारी घाई.

"अगं, सगळं समुद्रात वाया जातं! इथे लोक समुद्राचं पाणी गोडं करून पितात, आणि आपण गोडं पाणी समुद्रात सोडतो. यल्ला, चला, आज खलास करून टाकू."

माझं डोकंच फिरलं. "वाया? दादा, इथे असा एक व्हाळ असता ना, तर यांनी त्याला सोन्याचं कुंपण घातलं असतं!"

"माशांचा एवढा पुळका? ताटात काय घेतलंयस मग?"

"कोळंबी. खाते म्हणूनच बोलते!"

सगळे हसले. दादा चिडला. "रीतीनेच होऊ दे, मागून कुणी बोट दाखवायला नको," म्हणत त्याने मधोमध ताट ठेवलं. गावच्या बैठकीत ज्याला ठराव मान्य, तो ताटात सुपारी टाकतो. निम्म्याहून जास्त घरांच्या पडल्या की झालं. वहिनीने वाडगाभर सुपाऱ्या आणून ठेवल्या होत्या. एकेक करून पडल्या. मी टाकली नाही.

"तुझी नसली तरी चालतंय," दादा म्हणाला.

"माझी राहू दे. व्हाळाची कुठाय?"

व्हाळसुद्धा वाटेकरी, त्याचीही सुपारी पडावी लागते, तिच्याशिवाय पाण्याचा ठराव होतच नाही. ती टाकायचा मान पाटावरच्या शेवटच्या घराचा. शेवटचं घर आमचं, आणि बाबा गेल्यापासून तो मान माझा. रीतीची हौस दादाला, आणि हेच विसरला शहाणा!

वाडग्यातली एक सुपारी उचलून मी मुठीत धरली.

"टाक ती ताटात."

"नाही टाकणार. व्हाळ नको म्हणतोय."

"बाईमाणसाने एवढं..." एक काका सुरू झाले. वहिनीच म्हणाली, "काका, खिचडी गार होतेय."

ठराव बारगळला. दादाने बोलणं टाकलं, त्याच्या गणपतीचं बोलावणंही बंद झालं. इथल्या अल हिलालच्या आमच्या घरी गणपतीच्या दिवशी मी आरतीच्या वेळेला एकटीच रडले. लहानपणी याच दादाने मला त्या कोंडीत पोहायला शिकवलं होतं.

यंदा मे महिन्यात आईने व्हिडिओ पाठवला. रविवार होता. कोंडीत मासे सळसळत होते, वरच्या फांदीवर खंड्या टपून बसला होता. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. दादाने पाहिला. चकार शब्द नाही.

नको बोलूस, दादा. सुपारी माझ्या पर्समध्येच आहे. परत बैठक भरव. बोलावलं नाहीस तरी मी येईन, आणि मूठ उघडणार नाही.