मरळीची दोरी वेगळी, रोहूची वेगळी

लग्न होऊन मी परंड्याला आले तेव्हा मला मासा फक्त वाळलेलाच ठाऊक होता. माहेर जळकोटकडचं, शेतकऱ्याचं. तिकडं बाजाराच्या दिवशी सुका बोंबील यायचा, आणि आई तोसुद्धा अंगणातल्या चुलीवर भाजायची. ताजा मासा मी पहिल्यांदा बघितला तो परंड्यात, शेजारच्या चाचांच्या हातात. माझ्या नवऱ्याच्या गळाला तोवर फक्त शेवाळ लागलेलं होतं.

नवरा तिथल्या शाळेत मास्तर. चाचा निजामाच्या राज्यात नाक्यावर जकात घेणारे. राज्य गेलं, नाका गेला आणि चाचा घरी बसले. घरी बसले म्हणजे किल्ल्याच्या खंदकावर जाऊन बसले, बांबूची काठी घेऊन. मास्तरांना हा नाद त्यांनीच लावला. चाचा रोज काहीतरी घेऊन यायचे. मास्तर रविवारी जायचे आणि उन्हानं काळे होऊन यायचे.

एका रविवारी दुपारी ते आले ते ओंजळीत चिमणीच्या घरट्यासारखं काहीतरी धरून.

"हे काय?" मी विचारलं.

"दोरी आहे," ते म्हणाले आणि ओट्यावर बसून ती सोडवायला लागले.

मी जवळ जाऊन बघितलं. दुकानातली, घट्ट पिळाची सुती दोरी होती. आमचे वडील अंबाडीच्या वाखाचे दोर वळायचे आणि दुसरं टोक धरायला मी असायची, त्यामुळं पीळ जास्त झालेला दोर मला लांबूनही ओळखू यायचा.

"अहो, ह्याला पीळ लई झालाय. पाण्यात गळ फिरला की दोरी उलगडती, मग परत आवळती, मग आपल्यालाच मिठी मारती. त्यापेक्षा वेणी घाला."

"मला मासे धरायचेत," ते मान वर न करता म्हणाले. "त्यांना न्हाऊमाखू घालून शाळेत न्हाय पाठवायचं."

जेवून ते झोपले तेव्हा घरातलं सूत काढलं, दाराच्या कडीला अडकवलं आणि तीन पेडांची वेणी घालायला बसले. तीन धाकट्या बहिणींच्या वेण्या घालण्यात माझं निम्मं लहानपण गेलेलं. सूत तर मुकाट्यानं बसतं, रडत न्हाय, मान हलवत न्हाय. ते उठेपर्यंत दहा हात दोरी तयार होती.

पुढच्या रविवारी ती दोरी त्यांच्या पिशवीतून गेली. संध्याकाळी आले ते पुन्हा रिकामेच, पण गुंता नव्हता. पाठोपाठ चाचा आले. दोरी त्यांच्या हातात होती. नखातून ओढून बघत होते, दातानं चावत होते.

"मास्तरसाब, ही कुणी बनवली?"

"घरात बनली," मास्तर आढ्याकडं बघत म्हणाले.

"घरात कुणी? उंदरानं?"

मी आतून हसले, तसं चाचा म्हणाले, "बेटी, बाहेर ये. काम नेक केलंस, पण चुकलंस."

ते पायरीवर बसले आणि मला माझ्या आयुष्यातला दोरीवरचा पहिला धडा मिळाला. तीन पेडांची वेणी चपटी होते, नाड्यासारखी. वाहत्या पाण्यात पाणी तिला ढकलत बसतं, ती थरथरते आणि माशाला चाहूल लागते. चार पेडांची घातली की गोल होते, पाणी दोन्ही अंगानं निघून जातं. शिवाय सूत पाणी पिऊन जड होतं, म्हणून मेण चोळायचं. बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवली की लवकर कुजत न्हाय.

"आणि एकच दोरी सगळ्याला चालती का?" मी विचारलं.

चाचांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी एकच कपडा लग्नाला आणि नांगराला चालतो का असं विचारलं होतं.

"मरळ शेवाळात राहते," ते म्हणाले. "लागली की खाली गवतात घुसते. तिला जाड, आखूड दोरी पाहिजे. दिसली तर दिसू दे, मरळ तिकडं बघत न्हाय, ती बेडकाकडं बघते. रोहू सीना नदीच्या साफ पाण्यातला, शक्की माणूस. त्याला बारीक, लांब दोरी. आणि वाम, ती सापासारखी लांब, दगडाला अंग घासते, दोरीसुद्धा घासते, तिला घट्ट विणीची. समजलं?"

मला समजलं. मास्तरांना फक्त पहिलं वाक्य समजलं. खंदकात एक मोठी मरळ होती, तिनं चाचांच्या दोन दोऱ्या तोडल्या होत्या. ती मरळ आपण धरायची असं मास्तरांनी ठरवलं.

"आठ पेडांची घाल," ते मला म्हणाले. "सुतात वाख मिसळ. तुटली न्हाय पाहिजे."

मी सांगून बघितलं, पण ते मास्तर होते. घातली. झाली ती करंगळीएवढी जाड. चाचांनी ती बघून विचारलं, "मरळ धरायची का म्हैस बांधायची?" तरीही मास्तर ती घेऊन गेले, आणि काठी हातातून सुटू नये म्हणून दोरीचं दुसरं टोक मनगटाला बांधून बसले.

पुढं काय झालं ते मी बघितलं न्हाय. चाचांनी मला तीनदा सांगितलं. मरळीनं गळाला लावलेला बेडूक गिळला, गवताकडं निघाली, दोरी ताणली. दोरी तुटली न्हाय. गाठ सुटली न्हाय. काठी मोडली न्हाय. मग उरले कोण, तर मास्तर. ते धोतरासकट खंदकात गेले. चाचांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाणी कमरेएवढं होतं. तिसऱ्यांदा ते गळ्यापर्यंत आलं.

घरी आले तेव्हा चिखलातून फक्त चष्मा दिसत होता. गळ त्यांच्या मुठीत होता, दाभणासारखा सरळ झालेला.

"दोरी चांगली होती," ते म्हणाले आणि न्हाणीत गेले.

सोमवारी वर्गात गेले तर फळ्यावर मोठा मासा काढलेला, त्याच्या तोंडात गळ न्हाय, हातात काठी, आणि काठीला लटकलेला चष्मेवाला माणूस. त्यांनी तो दिवसभर पुसला न्हाय. चित्र बरं काढलंय, असं मला घरी येऊन सांगितलं. माणूस म्हणून मला ते त्या दिवशी फार आवडले.

मी मात्र दोन दिवस विचार करत होते. आपण दोरी तुटू नये म्हणून जिवाचं रान करतो, आणि तुटायलाच जागा ठेवत न्हाय. मी चाचांना तसं विचारलं.

चाचा इतके खूश झाले की त्यांनी सुपारी थुंकली. "बेटी, हे समजायला मला दहा वर्षं लागली! दोरीनं कुठं तुटायचं, ते आपण ठरवायचं. गळाजवळ एक हात कच्चं ठेवायचं. तिथं घोड्याच्या शेपटीचे केस लाव. पाण्यात दिसतसुद्धा न्हाय."

टांगेवाल्याचा पांढरा घोडा होता. चाचांनी मला बजावलं, "घोड्याचेच आण. घोडीचे नक्को, ते फारच कच्चे असतात."

"का हो चाचा?"

"घोडीची शेपूट... ओली होते," एवढं म्हणून चाचा लाल झाले आणि आकाशात ढग शोधायला लागले.

केस मी आणले. चार-चार केस घेऊन त्यांची बारीक वेणी घातली आणि सुती दोरीला जोडली. मग मास्तरांना म्हणाले, "मासा कसा ओढतो ते माझ्या हाताला कळल्याबिगर मी दोरी करणार न्हाय. मला सीनेवर न्या."

त्या काळी बाई काठी घेऊन नदीवर बसलेली कुणी बघितली नव्हती. मास्तर जरा घुटमळले. चाचा म्हणाले, "मास्तरसाब, खंदकात तुम्ही पडलात, बेटी न्हाय." तो विषय तिथंच मिटला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं कुर्डुवाडीच्या गाडीनं सीनेच्या पुलापर्यंत गेलो. पाणी निवळशंख. चाचांनी कणकेची गोळी लावून दिली, आणि मी डोक्यावरचा पदर दातात धरून बसले. बराच वेळ काही न्हाय. मग कुणीतरी दारावर टकटक करावं तसं बोटाला लागलं. मी घाबरून जोरात हिसका दिला. दोरी हलकी झाली.

वर ओढून बघितलं. सुती वेणी जशीच्या तशी, गाठ शाबूत, आणि केस जिथं तुटायचे तिथंच तुटलेले.

"गेला!" मास्तर हळहळले.

"तुटली! बघा, तिथंच तुटली!" मी ओरडले. मासा गेल्याचं मला काहीच वाटलं न्हाय. चाचा एवढे हसले की पलीकडच्या काठावरची बगळ्यांची रांग उठली.

दुसऱ्या खेपेला चाचांनी शिकवलं, ओढला तर सोडायचं, थांबला तर घ्यायचं. रांगणाऱ्या पोराला धरतो तसं. मी सोडत गेले, घेत गेले. हात दुखून आला. शेवटी एक चांगला दंडाएवढा रोहू काठाला आला, आणि मास्तरांनी पाण्यात उतरून, ह्या खेपेला आपल्या मर्जीनं उतरून, त्याला टॉवेलात उचललं.

परतीच्या गाडीत गर्दी होती. टॉवेलातून शेपूट बाहेर आलेली. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, तुमी धरला व्हय?"

"न्हाय. हिनं धरला," मास्तर म्हणाले.

म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं. मास्तर उभे राहिले आणि वर्गात सांगतात तशा आवाजात पुन्हा म्हणाले, "हिनं! दोरीसुद्धा हिचीच!"

सगळी गाडी माझ्याकडं वळली. कंडक्टरसुद्धा. मी पदर नाकापर्यंत ओढला, पण हसू काही आवरेना, आणि परंडा येईपर्यंत मास्तर दर थांब्यावर चढणाऱ्या प्रत्येकाला टॉवेल उघडून दाखवत राहिले.