ताईच्या हातचं पाणी

नातीनं परवा मला एक मेक्सिकोचा सिनेमा दाखवला. भाषा कळत नव्हती, आणि खालच्या ओळी वाचेपर्यंत माणसं पुढचं बोलून मोकळी होत होती. पण थोड्याच वेळात मी त्या घरातली झाले. आई मक्याच्या भाकरी थापत होती आणि थापता थापता पोरांवर खेकसत होती, यात न समजण्यासारखं काय आहे? त्या घरातली मुलगी पंधरा वर्षांची होते. त्यांच्यात तेव्हा मोठा समारंभ करतात. सगळं गणगोत जमतं, बाप लेकीपुढे गुडघे टेकतो, तिच्या पायातले सपाट बूट काढून उंच टाचेचे घालतो. आजपासून लेक मोठी झाली, असं चारचौघांना सांगायची ही रीत. तो बाप साधा रंगारी होता, आणि बूट हातात घेण्याआधी त्यानं बोटं सदऱ्याला पुसली. रडारड नाही, वाद्यांचा कल्लोळ नाही. इतकं खरं काम मी फार थोड्या सिनेमांत पाहिलंय. नात म्हणाली, "आजी, रडतेस काय?" मी म्हटलं, "गप, बघू दे."

मला माझा बा आठवला होता. त्यानं आपल्या लेकीबद्दल नेमकं उलटं सांगितलं होतं.

आमचं गाव रिसोडपासून चालत जाण्याइतकं जवळ. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. ताई रोज चालत रिसोडच्या शाळेत जायची, सातवीत होती. सातवी पास झालं की मास्तरीण होता येत असे, आणि ताईला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. अडचण एकच होती. ती लहान असतानाच तिचं लग्न किन्हीराजाच्या एका घरात लावून दिलेलं होतं. लेक शहाणी झाली, म्हणजे तिला पहिल्यांदा विटाळ आला, की सासरी पाठवायची, अशी बोली झाली होती. आणि आमच्या घरची सून शाळेत जात नसते, हेही सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला ताई शहाणी झाली. मायनं कोणाला कळू दिलं नाही. मला मात्र दम भरला, "बोललीस तं जीभ हासडीन." पण लपवायचं कसं? विटाळाच्या बाईनं मागच्या पडवीत बसायचं. चूल, पाण्याची घागर, देव, कशालाही शिवायचं नाही. बा तर देवाचा माणूस, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे. मग मायनं युक्ती काढली. ताईचे दिवस आले की मायच विटाळाची म्हणून पडवीत जाऊन बसायची. ताई शाळेतून आली की तिचा हात धरायची आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "शिवली वं पोट्टी मले! बस आता इथीच!" शिवलेल्या पोराला आंघोळ घातली की घरात घेता येई. पण पोट्टीले खोकला होईन, असं म्हणून माय तीही टाळायची. ताई तिच्याजवळ बसून भूगोल वाचायची.

मग चुलीपाशी उरायचा बा. त्याच्या ज्वारीच्या भाकरी कडेला कच्च्या, मध्ये जळक्या. मी नाक मुरडलं की म्हणायचा, "खाय मुकाट्यानं, बैल कधी कुरकुर करते काय?" माय महिन्यातून दोनदा बाजूला बसते, हे याच्या लक्षात कसं येत नाही, याचं मला नवल वाटे. माय म्हणायची, "बापई गडी तो, त्याले काय समजते!"

परीक्षेला महिनाभर उरला असताना ताईचे सासरे अवचित दुपारचे आले. माय आणि ताई पडवीत, बाचे हात पिठात. सासऱ्यांनी टेकल्या टेकल्या विचारलं, "काय पावने, पोरगी शहाणी झाली का नाही अजून?"

"कुठची!" बा म्हणाला. "लहान हाय अजून."

इतक्या सहज म्हणाला की मला त्याची कीव आली. सासरे हसले. "मंग सुनेच्या हातचं पाणी तरी पाजा."

"मले शिवली हाय ती," पडवीतून माय म्हणाली.

"लेकराचा विटाळ आंघोळीनं फिटते. मी बसतो तवरिक."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. पाणी द्यायचं म्हणजे त्या दिवसांत घागरीला शिवायचं आणि वडीलधाऱ्याला ते पाजायचं; याहून मोठं पाप आम्हाला ठाऊक नव्हतं. नाही म्हणायचं तर सगळं उघड, आणि शाळा तिथंच संपली.

बा उठला. "पोरी, आंघोळ कर आन् ये."

ताई ओल्या केसांनी आली आणि घागरीपाशी येऊन थांबली. बानं हात धुऊन ओंजळ पुढे केली. "आधी मले दे. धुरानं घसा सुकून राह्यला माहा." ताईनं तांब्यातून धार धरली. तो सावकाश प्यायला आणि मग त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की मला तेव्हाच समजलं. त्याच्या मागून सासरे प्यायले, तृप्त झाले, पाठवणीची घाई नाही म्हणाले आणि गाडी जुंपून निघून गेले.

"तुमाले ठाव होतं?" मायनं विचारलं.

"ढोरंवासरं राखतो मी. माह्या घरात काय चालून राह्यलं ते समजत नाही काय मले?" तो तव्यावरच्या भाकरीकडे वळला. "पाप लागलं तं मले लागन. तिले वाचू दे."

त्या दिवशी मला बा फार आवडला. जळकी भाकर मी न कुरकुरता खाल्ली.

ताई पास झाली, पुढे सासरी राहून मास्तरीणही झाली. ती कहाणी मोठी आहे. मला राहून राहून आठवते ती परीक्षेची सकाळ. नेमके पुन्हा तेच दिवस आले होते. बा पूजेला बसला होता. ताई दप्तर घेऊन अंगणातूनच निघाली.

"पोरी," बानं हाक मारली, "देवाच्या पाया नाही पडत?"

ताई उंबऱ्याबाहेर थबकली. "बा, मी…"

"ठाव हाय मले. ये आत."

ती आत आली. बानं आपला पाट बाजूला सरकवला आणि देवापुढे तिला जागा करून दिली.